विरजण कोण लावणार?

दूध उतू जायला लागलं की घरातली चार माणसं धावतात. रात्री विरजण लावायचं राहिलं तर कुणीही हाक मारत नाही. दुसऱ्या दिवशी पानं मांडल्यावर कळतं, दही नाही! पूरग्रस्तांना मदत करताना आपलं नेमकं हेच होतं.

ऑगस्ट 2019 आठवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गच्चीवर अडकलेल्या माणसाला होडीत घेणं, हे उतू जाणारं दूध. तिथं आधी गॅस बंद, वाद नाही. पण पाणी ओसरल्यावर ट्रक आले ते काय घेऊन? बिस्किटं आणि जुने कपडे. कपडेच कपडे! एका गावात शाळेच्या वर्गात मी जरीच्या साड्यांचा ढीग पाहिला. त्याच गावच्या विहिरीत पुराचं पाणी शिरलेलं. ग्रामपंचायतीतलं, पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचं पोतं भिजून त्याचा दगड झालेला. आम्ही ओटी टेस्ट केली. नळीत विहिरीचं पाणी, त्यात औषधाचा थेंब. क्लोरिन असेल तर पिवळा रंग येतो. आमचं पाणी होतं तसंच राहिलं. आणि बाहेर कळशी घेऊन बायका उभ्या.

विहिरीचं शुद्धीकरण हे विरजण, बरं का. त्याचा फोटो चांगला येत नाही, म्हणून ते मागं पडतं. मदतकार्याचा 'स्फिअर' निकष माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी सांगतो. पिणं, रांधणं, अंग धुणं सगळं त्यात आलं. एक ट्रक साड्यांनी ते भागेल का, सांगा!

शिवाय विरजण दूध कोमट असतानाच लावायचं असतं. पुराच्या पाण्यातून चालून आलात? मग 72 तासांच्या आत डॉक्टरांना गाठा. लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन घ्यायचं का, ते तेच ठरवतील. ताप भरल्यावर धावणं म्हणजे दूध नासल्यावर दही शोधणं. पुन्हा सांगते, आधी विहीर, मग साड्या. रागावू नका, साड्या देणाऱ्यांत मीही होते.

इन्सुलिनवाले, डायलिसिसवाले, दिवस भरलेल्या बाया यांची यादी पावसाळ्याआधीच गावात कुणी करायची, हे सांगायचं होतं. आशाताईंकडे निम्मी माहिती असतेच, फक्त ती... स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. बरं, टीसीएलचं पोतं फळीवर ठेवलंय की जमिनीवर, तेवढं उद्या पाहून या.