कुटुंबोपचार : दोषी शोधण्यासाठी नव्हे

(मानसोपचार विभागातर्फे रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी भरविलेल्या मेळाव्यातील भाषण)



आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणारी बहुतेक कुटुंबे एका व्यक्तीला पुढे बसवतात आणि म्हणतात, "याला जरा समजावा." आम्ही मात्र सुचवतो, "पुढच्या वेळी आपण सर्वांनी यावे." तेव्हा चेहऱ्यांवर शंका उमटते. आजारी तो आहे, मग आम्ही कशाला? या प्रश्नामागे बहुधा एक भीती दडलेली असते. डॉक्टर आपल्यालाच दोष देतील, ही ती भीती. आज प्रथम तिच्याविषयी बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ही भीती सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमन या मनोविश्लेषक विदुषीने स्किझोफ्रेनियाचा संबंध आईच्या वागण्याशी जोडला आणि पुढे कित्येक मातांच्या माथी अपराधाचा शिक्का बसला. पुढील संशोधनात ही कल्पना टिकली नाही. आईच्या वागण्याने हा आजार उद्भवतो, असे आज मानले जात नाही. ब्रिटनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून निराळी गोष्ट दिसून आली. घरी परतलेल्या रुग्णावर सतत टीका होत असेल, त्याच्याविषयी मनात कडवटपणा असेल किंवा काळजीपोटी त्याला क्षणभरही मोकळे सोडले जात नसेल, तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. म्हणजे कुटुंब हे आजाराचे कारण नव्हे. परंतु बरे होण्याची वाट सुकर वा बिकट करणे पुष्कळ अंशी त्याच्या हाती असते.

आपल्या देशात हा विचार फार लवकर रुजला, ही अभिमानाची बाब आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबूंमध्ये राहावयास बोलावले आणि शुश्रूषेत सहभागी करून घेतले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही नातेवाइकांनी रुग्णासोबत राहण्याची पद्धत सुरू झाली. आपल्याकडे कुटुंबाला आरोपी म्हणून नव्हे, तर सोबती म्हणून पाचारण करण्यात आले.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. पहिल्या भेटीत उपचारक प्रत्येकाला विचारतो, "आपल्या मते अडचण काय आहे?" एकाच घरातील चौघांची उत्तरे चार प्रकारची येतात. मग दोन-तीन पिढ्यांचा नकाशा कागदावर काढला जातो. कोण कोणाशी मोकळेपणाने बोलतो, कोठे अबोला आहे, कोणाच्या निधनाचे दुःख मनात साचले आहे, हे त्यात टिपले जाते. बैठक साधारणतः तास-सव्वा तासाची असते. पुढील भेटी एक वा दोन आठवड्यांच्या अंतराने होतात. किती भेटी लागतील, हे प्रश्नाच्या स्वरूपावर अवलंबून असते. काही बैठकांनंतर आढावा घेऊन आपल्याशी विचारविनिमय करूनच पुढचे ठरते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दहावीतला मुलगा अभ्यास टाळतो. वडील रागावतात, आई पाठीशी घालते, वडील आईवर चिडतात, आजी नातवाला जवळ घेते आणि मुलगा आणखीच खोलीत कोंडून घेतो. यात कोणीही दुष्ट नाही. प्रत्येकजण आपापल्या परीने घर सावरतो आहे. परंतु प्रत्येकाचा उपाय दुसऱ्याच्या वागण्याला खतपाणी घालतो. हे चक्र सर्वांना एकत्र बसून दिसले, की ते कोठून तरी सैल करता येते. आठवडाभर अभ्यासाचा विषय वडिलांनी काढावयाचा नाही, फक्त रात्री एकत्र जेवावयाचे, असा साधा गृहपाठही पुष्कळ काही शिकवून जातो.

उपचारकाकडून काय अपेक्षा ठेवावी? तो न्यायाधीश नाही, कोणाची बाजू घेणार नाही. बोलण्याची सक्ती कोणावरही होणार नाही. बैठकीतील गोष्टी गोपनीय राहतात. मात्र कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा बालकाचे शोषण होत असेल, तर मौन पाळता येत नाही, हे आरंभीच सांगितले जाते. सुरुवातीच्या काही भेटींनंतर घरातील ताण वाढल्यासारखा वाटू शकतो. वर्षानुवर्षे न बोललेले बोलले गेले, की असे होते. नेमक्या याच वेळी अनेक कुटुंबे येणे थांबवितात. आमची विनंती आहे, की थांबण्यापूर्वी ही अस्वस्थता उपचारकाला सांगावी.

या उपचाराच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. स्किझोफ्रेनिया वा द्विध्रुवी विकार यांसारख्या आजारांत तो औषधांना जोड म्हणून असतो, पर्याय म्हणून नव्हे. औषधे परस्पर बंद करू नयेत. घरात मारहाण होत असेल, तर पीडित व्यक्तीला मारणाऱ्यासमोर बसवून बोलावयास लावणे धोक्याचे ठरते. अशा वेळी स्वतंत्र भेट आणि सुरक्षितता यांचा विचार आधी होतो. सर्व मतभेद मिटतील, असे आश्वासनही कोणी प्रामाणिक उपचारक देणार नाही. मतभेद राहूनही एकमेकांचे ऐकून घेता यावे, एवढे साधले तरी ते थोडे नाही.

घरातील एखादे माणूस यावयास तयार नसेल, तर? जे तयार आहेत त्यांच्यापासून आरंभ करता येतो. एकाचे वागणे बदलले, की इतरांनाही आपली जागा थोडी बदलावी लागते. घरातील कर्ती माणसे येथे येताना संकोचतात, हे आम्ही जाणतो. 'चार भिंतींतली गोष्ट चार भिंतींत राहावी' ही आपली शिकवण आहे. परंतु त्या भिंतींआड एकच माणूस सर्वांचे दुःख वाहत असेल, तर ते ओझे वाटून घेण्यात घराण्याची अप्रतिष्ठा नाही. म्हणून पुढील भेटीस येताना रुग्णाचा केसपेपर तर आणावाच. शक्य झाल्यास घरातील इतरांनाही सोबत आणावे, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.