आंजी (मोठी) येथील शिक्षण परिषदेत स्वागताध्यक्षांचे भाषण



ऑनलाइन आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-विनिमयासारख्या नूतन विषयाची परिषद वर्धा तालुक्यातील आमच्या मौजे आंजी (मोठी) येथे भरत आहे, हे आम्ही गावाचे भाग्य समजतो. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी स्थापिलेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र याच गावी आहे. शहरातून आलेला भावी डॉक्टर येथे घरोघर हिंडतो, ओसरीवरच्या आजीचे दुखणे तिच्याच बोलीत समजून घेतो, आणि ऐकून घेण्याची ती विद्या त्यास पुढे कोणत्याही मुलखी उपयोगी पडते.

या प्रसंगी ई. डब्ल्यू. आर्यनायकम् यांचे पुण्यस्मरण केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. सिंहलद्वीपात जन्मलेला हा पुरुष शांतिनिकेतनात रवींद्रनाथांच्या सान्निध्यात राहिला, ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीचा निमंत्रक झाला, आणि पत्नी आशादेवींसह सेवाग्रामी हिंदुस्थानी तालीमी संघाच्या कार्यात त्याने आयुष्य वेचले. १९४९ साली इंग्लंडकन्या मार्जरी साइक्स याही तेथेच अध्यापक घडवावयास आल्या. सूत काततानाच गणित शिकवणाऱ्या, सफाई आणि स्वयंपाक यांनाही पाठाचा दर्जा देणाऱ्या आर्यनायकम् दांपत्याचे नाव आज जिल्ह्यातल्या मुलांना ठाऊक नसावे, याची मला मनस्वी खंत वाटते.

आपल्या विषयात माझी गती अल्प आहे. तथापि सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले गुरुजींनी भारत-पाकिस्तान, इस्राएल-पॅलेस्टाइन अशा परस्परांशी वैर असलेल्या देशांतील मुलांचा संवाद घडविला, आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार लाभताच त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर शिक्षकांस वाटली, हे आम्हां खेडुतांसही ठाऊक आहे. पडद्यावर परस्परांस नमस्कार करून मुले उठून जाणार असतील, तर त्यांच्या हाती फारसे काही लागणार नाही. दोन देशांतील मुलांनी एखादे काम मिळून तडीस न्यावे, तेव्हाच मतभेद मिटविणे, वेळ पाळणे आणि आपले म्हणणे परक्यास कळेल असे मांडणे त्यांच्या अंगी मुरते, असे मला नम्रपणे वाटते.

व्यवस्थेत पुष्कळ उणिवा राहिल्या आहेत. मुक्कामाची तजवीज शाळेच्या खोल्यांतून करावी लागली आहे. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, म्हणून जनरेटर आणविले असले तरी इंटरनेटचा बंदोबस्त मनाजोगा झालेला नाही. या कसुरीबद्दल आपण उदार मनाने क्षमा करावी. तूरडाळ आणि ज्वारी देणारे शेतकरी, गाद्या पुरविणारे व्यापारी, भाकऱ्यांचा भार उचलणाऱ्या बचत गटांच्या भगिनी, मंडप उभारणारे तरुण, तसेच नाव न सांगण्याच्या अटीवर देणग्या देणारे गृहस्थ, या सर्वांचे स्वागत समितीवर ऋण आहे.

भोजनाची पहिली पंगत बारा वाजता बसेल. आता अध्यक्षमहाशयांनी कामकाजाची सूत्रे स्वीकारावीत, अशी मी त्यांस विनंती करतो.