शहराकडे निघालेल्या बांधवांस
(वाशीम येथे केलेले भाषण)



रिसोड तालुक्यातून धारावीत जाऊन राहिलेले एक बौद्ध कुटुंब मध्यंतरी माझ्याकडे आले होते. त्यांच्या एका बाजूस तिरुनेलवेलीकडील तमिळ लोक, पलीकडे सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची वस्ती. "वकीलसाहेब, तिथल्या नळावर आमची जात कोणी विचारली नाही," असे त्या माउलीने अभिमानाने सांगितले. तिच्या सासूला गावच्या विहिरीपासून दूर उभे राहावे लागे. मात्र खोली भाड्याने पाहताना आडनाव ऐकून दार लावले गेले, हेही तिनेच सांगितले.

मुलीच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. तिच्या शाळेच्या कागदावर केवळ 'बौद्ध'. बौद्धांना अनुसूचित जातीचे हक्क केंद्राने १९९० साली दिले हे खरे. परंतु मूळ जात आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. त्या दिवशी आपले वऱ्हाड मध्य प्रदेशात होते, आणि वाशीम जिल्हा तर १९९८ साली अकोल्यातून निघाला. धारावीत बसून हे कोणास ठाऊक असणार? आजोबांची नोंद अखेर कोतवाल बुकात सापडली. त्यातील 'महार' हा शब्द पाहून मुलगी गप्प झाली. जे टाकून आपण बाहेर पडलो, तेच शोधीत परत यावे लागले! मला याची चीड येते. तरी नक्कल मीच काढून दिली.

सुरतेस जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की आपल्या दाखल्यावर गुजरात राज्याच्या राखीव जागा मिळत नाहीत. आणि कोठेही जा, निघण्यापूर्वी कोतवाल बुकाची व आजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज नोंदीची नक्कल काढून ट्रंकेत ठेवा.