काळविटाचा हंगाम आणि आपला कॅमेरा



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई आणि मालक यांच्याविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही माजावर आलेल्या हरणाचे छायाचित्र घेण्याविषयी बोलणार आहोत. विषय रिकामपणाचा वाटेल. परंतु त्यात श्रमाचा प्रश्न आहे, जमिनीचा प्रश्न आहे, आणि आपल्या वागणुकीचाही आहे.

इंग्लंड-स्कॉटलंडात तांबड्या हरणांचा माज शरद ऋतूत, सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. दिवस लहान होऊ लागले की नर ओरडू लागतात, शिंगांना शिंगे भिडतात, आणि छायाचित्रकार पहाटेच्या धुक्यात दबा धरून बसतात. त्या देशांत हा एक ठरलेला हंगामच झाला आहे. आपल्याकडे मात्र सर्व हरणांना मिळून असे एकच पंचांग नाही. सांबराचा माज हिवाळ्याच्या तोंडी येतो. मध्य भारतातील चितळाचा ऐन उन्हाळ्यात. कान्हाचा बारशिंगा डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत माजावर असतो. जॉर्ज शॅलर नावाच्या शास्त्रज्ञाने कान्हाच्या रानात राहून या प्राण्यांचा अभ्यास केला आणि १९६७ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. रानात जाऊ इच्छिणाऱ्याने तो चाळावा.

आपल्या पश्चिमेला भीमाशंकरचे अभयारण्य आहे; ते १९८५ साली झाले. तेथे सांबर आहे, भेकर आहे. पण रान दाट. आवाज कानी येतो, जनावर दृष्टीस पडत नाही. माज डोळ्यांनी पाहायचा तर उघड्या माळावर, काळविटाकडे जावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, रेहेकुरी येथे १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे. क्षेत्र फार नाही, दोन चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. शास्त्राच्या काटेकोर भाषेत काळवीट हा हरणांच्या कुळातला नव्हे. सांबर-चितळांची शिंगे गळतात व पुन्हा येतात. काळविटाची पिळदार शिंगे जन्मभर डोक्यावर राहतात. पण आपली भाषा त्याला हरीणच म्हणते, आणि आम्हीही आज तसेच म्हणू.

काळविटाचे मीलन तसे बाराही महिने चालू असते. परंतु वसंतात, आणि पुन्हा पावसाळ्याच्या उतरणीला, श्रावणापासून आश्विनापर्यंत, त्याला विशेष जोर येतो. या दिवसांत पूर्ण वाढलेला नर माळाचा एक तुकडा आपला म्हणून धरतो. डोळ्याखालच्या ग्रंथीचा स्राव काटक्यांना लावून आणि ठराविक जागी लेंड्यांचे ढीग घालून तो हद्द आखतो. मान वर, शिंगे पाठीला टेकलेली, कान खाली, अशा थाटात तो पावले टाकीत माद्यांपुढे फिरतो. दुसरा नर आला तर लगेच टक्कर होते असे समजू नका. आधी दोघे एकमेकांना जोखतात, समोरासमोर उभे राहतात, आपापले बळ दाखवितात. पुष्कळदा तेवढ्यावरच एक जण मागे सरतो. संपाची नोटीस देण्यापूर्वी वाटाघाटी कराव्यात, हे शहाणपण त्या मुक्या जनावरालाही आहे! आणि एवढे सारे झाल्यावर शेवटची निवड मादीची. तिला जागा वा नर पसंत पडला नाही, तर ती चालू लागते.

आता या खटाटोपाची किंमत पाहा. जागा धरून बसलेल्या नराला चरायला उसंत कमी. क्षणोक्षणी कोणाला हाकायचे, कोणाला वळवायचे. गिरणीच्या दारात पहारा देणाऱ्या संपवाल्याचे हाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. जागा सोडली तर ती दुसऱ्याची होते. सोडली नाही तर अंग झिजते. काही आठवडे, कधी काही महिनेही हे चालते.

अशा वेळी आपण कॅमेरा घेऊन जातो. काळविटाची मुख्य भिस्त नजरेवर असते. उघड्या माळावर त्याच्यापासून लपता येत नाही. आपण आणखी वीस पावले पुढे सरकलो, की प्रथम मादी मान वर करते, मग एखादी ताडकन उंच उडी घेते, आणि पाहता पाहता कळप पसार होतो. माळावर उरतो एकटा नर. आपल्याला पळत्या कळपाचे छान चित्र मिळाले. त्याची सकाळची मेहनत मातीला मिळाली. दुसऱ्याच्या कामाच्या वेळेत शिरून आपला लाभ साधणाऱ्याला कामगारांच्या भाषेत काय म्हणतात, ते आम्ही येथे सांगत नाही.

चांगले चित्र घ्यायला जवळ जावे लागते, ही समजूतच खोटी आहे. काळविटाची पाठ काळीभोर, पोट पांढरे. दुपारच्या उन्हात काळ्याचा नुसता डाग होतो आणि पांढरे जळून जाते. सूर्य उगवल्यापासून तासाभराचे तिरपे ऊनच खरे कामाचे. पहाटेच जागेवर जावे, लांब पल्ल्याचे भिंग लावावे, गाडीत असाल तर यंत्र बंद करून गाडीतच बसावे आणि हलू नये. न हलणाऱ्या वस्तूची जनावराला सवय होते. मग तो आपला व्यवहार चालू ठेवतो, आणि जे दिसते ते खरे दिसते.

आपल्या मराठीत एक शब्द मोठा मार्मिक आहे. नेमबाज पाखरू टिपतो, आणि छायाचित्रकारही चित्र टिपतो. क्रियापद एकच! एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात तारेचा सापळा लावून, जनावराच्याच पायाने कॅमेऱ्याची कळ दाबली जाईल अशी योजना केली, आणि १९२७ साली वाघांच्या चित्रांचे पुस्तक काढून साहेबी शिकारीला बंदुकीवाचूनचा मार्ग दाखविला. पण बंदूक गेली म्हणून शिकार गेली असे होत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या कायद्याने जनावराला हाकणे व आमिष दाखविणे यांचीही गणना शिकारीतच केली आहे. अभयारण्यात छायाचित्रे घेण्यासाठी परवानगी लागते, तीही उगीच नव्हे. आपल्याच उसात बिबट्या दिसला की मोबाइल उगारून धावणारी गर्दी आपण सर्वांनी पाहिली आहे. कायदा तिच्यापुढे हतबल होतो. तेथे आवर घालायचा तो आपला आपणच.

जमिनीचा प्रश्न आता सांगतो, कारण तो ओतूरपासूनच सुरू होतो. आपल्या शेजारचे पिंपळगाव जोगे धरण कुकडी प्रकल्पातले. या प्रकल्पाचे पाणी डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदे करीत कर्जत-करमाळ्यापर्यंत जाते. कोरडवाहू शेतकऱ्याला ते मिळाले, हे योग्यच झाले. त्याविरुद्ध आम्ही एक अक्षर बोलणार नाही. पण पाणी पोचले तिथे माळ नांगरला गेला, आणि काळविटाचा वावर आक्रसला. सरकारी दप्तरात गवताच्या माळाला ‘पडीक’ म्हणण्याची जुनी खोड आहे. जेथे एवढी उलाढाल चालते ती जमीन पडीक कशी? आणि माळ उरला नाही तर हरीण पिकात शिरणार, हेही उघड आहे. नुकसानीची भरपाई शेतकऱ्याच्या हाती वेळेवर पडली पाहिजे; नाही तर हरणावरच्या प्रेमाचा भुर्दंड एकट्या गरिबाने सोसायचा आणि चित्रे शहरातल्या भिंतींवर लागायची, असा व्यवहार होईल.

शेवटी एक मागणी. मागणीवाचून आमचे भाषण संपत नाही. कोणता नर कोणत्या बाभळीजवळ उभा असतो, हे आपल्याला सांगतो तो तेथला पहारेकरी किंवा गुराखी. चित्राखाली नाव मात्र कॅमेरेवाल्याचेच छापले जाते. यापुढे आपल्यापैकी कोणी चित्र छापील, त्याने त्या माणसाची संमती घेऊन त्याचेही नाव खाली घालावे, आणि त्याच्या वेळेचा मोबदला घासाघीस न करता द्यावा. यंदा भाद्रपद-आश्विनात जे रेहेकुरीला जातील, त्यांनी एवढे पाळावे, आणि कळपाने मान वर केली की एक पाऊलही पुढे टाकू नये. त्या दिवशी चित्र न मिळाले तरी चालेल.