दोन अक्षरांचा फरक



दहावीनंतर मी गणित धरलं, जीवशास्त्र सोडलं आणि इंजिनियर झाले. आता प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे सुटलेलं जीवशास्त्र चाळिशीत शिकतेय. त्यातली एक गोष्ट शिरूर-दौंडच्या माणसाला लगेच कळेल.

आपल्यापैकी अनेकांनी कालव्याच्या पाण्यावर दारं धरली आहेत. पाणी तेच, पण उसाइतकं कांद्याला सोडलं तर कांदा सडतो. जिवाणूतही असंच असतं. जनुकाच्या किंवा जनुकांच्या गटाच्या तोंडाशी डीएनएचा छोटा तुकडा असतो, त्याला प्रमोटर म्हणतात. जनुकाच्या आरएनए-प्रती किती निघणार, हे मुख्यतः तो ठरवतो. जणू पाटाचं दारंच.

ई. कोलाय या जिवाणूच्या प्रमोटरमध्ये दोन जागा महत्त्वाच्या, सहा-सहा अक्षरांच्या. त्यांतली एक, 'टीएटीएएटी', 1975 मध्ये प्रिब्नो यांनी दाखवली. दुधातली साखर पचवणाऱ्या जनुकांच्या 'लॅक' प्रमोटरमध्ये तिथे 'टीएटीजीटीटी' असतं. मधली दोन अक्षरं बदलली की तो जोरकस होतो. 1983 मध्ये दोन प्रमोटरांचे भाग जोडून 'टॅक' बनवला. तो या सुधारलेल्या लॅकच्याही सुमारे 11 पट जोरकस निघाला.

मग नेहमी सर्वांत जोरकसच का वापरू नये? कारण पेशीची ताकद मर्यादित असते. एकाच जनुकावर ती खर्च झाली, तर वाढ मंदावते आणि प्रथिनाच्या निरुपयोगी गुठळ्या होतात. म्हणून आता कमी-जास्त ताकदीच्या प्रमोटरांचे संच बनवतात आणि कामाप्रमाणे निवडतात. कुठलं अक्षर बदललं तर जोर किती बदलेल, हा अंदाज बांधायला गणित आणि संगणक लागतो.

माझी आई रोज इन्शुलिन घेते. 1978 मध्ये माणसाचं इन्शुलिन ई. कोलायकडून पहिल्यांदा बनवून घेतलं, तेव्हा हाच लॅक प्रमोटर वापरला होता. 1982 मध्ये अमेरिकेत त्या औषधाला मान्यता मिळाली. तिच्या सुईमागे जीवशास्त्र आहे आणि हिशेबही.

म्हणून एक विनंती. अकरावीला 'गणित की जीवशास्त्र' म्हणून घरोघरी वाद होतात. ज्या मुलाला दोन्ही आवडतात, त्याला एक सोडायला लावू नका. पुण्यात आयसर 2006 पासून आहे, आपल्यापासून फार लांब नाही. आपल्या शाळेतली मुलं एकदा तिथे घेऊन जाऊ या. गाडीभाड्याची जबाबदारी माझी.