दारू सोडणाऱ्यांची बैठक

१९३५ सालच्या मे महिन्यांतील गोष्ट. अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं एका हॉटेलच्या दिवाणखान्यांत बिल विल्सन नांवाचा न्यूयॉर्कचा शेअरदलाल येरझारा घालीत होता. ज्या कामासाठीं तो आला होता तें फिसकटलें होतें, जवळ पैसा उरला नव्हता, आणि पांच महिन्यांपूर्वीं मोठ्या कष्टानें सोडलेली दारू शेजारच्या मद्यगृहांतून त्याला हांका मारीत होती. त्यानें प्याल्याकडे न जातां टेलिफोन गांठला. गांवांतील धर्मगुरूंना विचारून त्यानें दारूशीं झुंजणारा दुसरा माणूस शोधण्याचा प्रयत्न केला. त्या शोधांतून त्याची भेट डॉक्टर रॉबर्ट स्मिथ या शस्त्रवैद्याशीं झाली. थोडा वेळ बसून निघूं, अशा बेतानें आलेले डॉक्टर रात्रीं उशिरांपर्यंत बोलत राहिले.

उपदेश दोघांनींही पोटभर ऐकलेला होता. मद्याचे दुष्परिणाम डॉक्टरांना कोणी शिकवावयास नको होते. त्यांना हवा होता तो त्याच चिखलांत रुतून कसाबसा बाहेर आलेला माणूस. पिणारा जें पत्नीला सांगूं शकत नाहीं, तें दुसऱ्या पिणाऱ्याजवळ बोलतो. आणि ऐकणाऱ्याचाही त्या दिवसापुरता तोल सांवरतो. एवढ्या साध्या तत्त्वावर ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. डॉक्टर स्मिथ यांनीं शेवटचा प्याला घेतला तो १० जून १९३५ हा दिवस तिचा जन्मदिवस मानला जातो.

येथें श्रोत्यांना गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकांत पिणाऱ्यांचें मंडळ आहे. सुधाकराला तेथें आग्रहानें नेणारा तळीरामही आहे. पुढें सुधाकर दारू सोडतो. पण सोडल्यावर त्याला जवळ करणारें मंडळ मात्र कोठेंच नाहीं. अपमान गिळीत तो एकटाच हिंडतो आणि पुन्हां प्याल्याकडे वळतो.

सुधाकराला जें मिळालें नाहीं तें आज मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मिळूं शकतें. अशा बैठका बहुधा शाळेच्या किंवा चर्चच्या एखाद्या खोलींत संध्याकाळीं भरतात. पत्ता व वेळ संघटनेच्या दूरध्वनीवर समजते. सरकारच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर व्यसनमुक्तीचा सल्ला मिळतो. १९८६ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या मुक्तांगणासारख्या केंद्रांतही मार्गदर्शन होतें. चौकशी करतांना एक प्रश्न अवश्य विचारावा : बैठक खुली आहे कीं बंद? खुल्या बैठकीस घरचीं माणसेंही येऊं शकतात. बंद बैठक केवळ दारू सोडूं इच्छिणाऱ्यांसाठीं असते.

पत्ता मिळाला तरी खरी कसोटी उंबरठ्यावर होते. समजा, एखादा गृहस्थ कचेरी सुटल्यावर तेथवर जातो आणि आंत कोणी ओळखीचें असेल या भीतीनें परत फिरतो. त्याच्या एक गोष्ट ध्यानांत येत नाहीं. आंत जो ओळखीचा भेटेल, तो त्याच दुखण्यासाठीं तेथें आलेला असेल.

आंत गेल्यावर पहिलें नांव सांगितलें म्हणजे पुरे. फी नसते; खर्चासाठीं जमलेली मंडळीच यथाशक्ति पैसे टाकतात. सभासदत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. एकेक जण आपली हकीगत सांगतो व इतर ऐकतात. नवख्यानें गप्प बसलें तरी कोणी रागावत नाहीं. तेथें जन्मभराच्या शपथा घेववीत नाहींत. आजचा दिवस प्यायचें नाहीं, एवढाच निश्चय असतो.

मात्र बैठक ही औषधोपचाराची जागा नव्हे. वर्षानुवर्षें भरपूर पिणाऱ्यानें एकाएकीं दारू तोडली तर हातपाय कांपणें, झटके येणें, भ्रम होणें असे प्रकार पहिल्या कांहीं दिवसांतच घडतात व ते जिवावरही बेततात. म्हणून त्यानें आधीं डॉक्टरांना दाखवावें आणि त्यांच्या देखरेखीखालींच दारू सोडावी.

घरच्या माणसांचेंही एक दुखणें असतें. नवरा नशेंत पडलेला असतां त्याला ताप आल्याचा निरोप कचेरींत धाडणारी पत्नी अब्रू राखीत असते. पण त्याबरोबर ती दुखण्यालाही आडोसा देते. अशा कुटुंबीयांसाठीं १९५१ पासून ‘अल-ॲनॉन’ ही निराळी संघटना काम करीत आहे. पती बैठकीस येण्यास राजी नसला तरी पत्नीला तेथें जातां येतें.

अशा बैठकांचा उपयोग होतो काय, हा प्रश्न रास्तच आहे. २०२० सालीं सत्तावीस अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यांत आला. बैठकांकडे पद्धतशीरपणें वळविलेल्या रुग्णांत वर्षभर पूर्णपणें दारूपासून दूर राहणाऱ्यांचें प्रमाण इतर रूढ उपचारांच्या तुलनेनें अधिक आढळलें. तरीही कित्येकांचा पाय पुन्हां घसरतो. घसरलेल्याला बैठकीचें दार बंद होत नाहीं; त्यानें दुसऱ्याच दिवशीं परत यावें, अशीच तेथील मंडळींची इच्छा असते.

असा नेमानें येणारा माणूस कांहीं महिन्यांनीं बैठकीच्या आधीं खुर्च्या मांडूं लागतो. मांडतां मांडतां त्याची नजर दाराकडे असते. बाहेर कोणी घुटमळतांना दिसलें, कीं तो पुढें होऊन एवढेंच म्हणतो, “या, आंत या.”