चार झेलांचा खेळाडू



डेव्हिड टायरी हा न्यूयॉर्क जायंट्सचा वाइड रिसीव्हर होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये रिसीव्हरने बचावपटूला चकवून पळायचं आणि क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू पकडायचा. २००७च्या अख्ख्या साखळी हंगामात टायरीने पकडले ४ चेंडू. यार्ड मिळवले ३५, टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं, एकदाही नाही. आपल्याकडे कट्ट्यावर असल्या खेळाडूचा निकाल दोन मिनिटांत लागला असता. जायंट्सने त्याला ठेवला, आणि त्यात त्यांनी उपकार वगैरे केले नव्हते.

संघात ५३ खेळाडू, त्यांत रिसीव्हर पाच-सहा. पहिल्या तिघांकडे चेंडू जातो. चौथा-पाचवा मात्र आपल्या क्रिकेटमधल्या बाराव्या खेळाडूसारखा पाणी नेण्यापुरता नसतो. पंटचंच बघा ना. चेंडू पुढे सरकण्याची आशा संपली, की संघ तो लाथेने लांब उडवून देतो. त्या वेळी दोन्ही कडांना एकेक जण उभा असतो, त्याला गनर म्हणतात. चेंडू हवेत राहतो जेमतेम चार-साडेचार सेकंद. तेवढ्यात गनरने चाळीसएक यार्ड पळायचं, वाटेत एकजण, कधी दोघं त्याला रेटत असतात त्यांना झुकांडी द्यायची, आणि चेंडू झेलणाऱ्याला जागच्या जागी लोळवायचं. तो अंगावर येतोय हे पाहून समोरच्याने हात वर करून पळण्याचा हक्कच सोडला, तर गनरच्या नावावर काहीसुद्धा लागत नाही. खरं तर तीच त्याची सर्वांत चोख कामगिरी! २००५च्या हंगामात टायरीची प्रो बोल या मानाच्या सामन्यासाठी निवड झाली, ती असल्याच कामासाठी. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा मॅथ्यू स्लेटर तर याहून पुढचा. कागदोपत्री वाइड रिसीव्हर, १६ हंगामांत झेल १, आणि प्रो बोलसाठी निवड १० वेळा.

बरं, हा राखीव गडी रिसीव्हर म्हणून उतरला, तर त्याला जोखायचं कसं? टीव्हीवर ते अवघडच. कॅमेरा चेंडूला चिकटलेला. रिसीव्हर चार पावलांत चौकटीबाहेर. प्रशिक्षक बघतात ते वरून घेतलेलं चित्रीकरण, ज्यात बावीसही जण दिसतात. दहा यार्डांवर वळायचं ठरलं होतं, तर तो दहावरच वळला की आठवर? बचावपटूपासून हातभर तरी सुटला का? चेंडू दुसऱ्याकडे गेल्यावर त्याने समोरच्याला अडवलं, की उभ्याउभ्या गंमत पाहिली? झेलांच्या टक्केवारीवर माझा तरी भरवसा नाही. हंगामात दहाच चेंडू वाट्याला आले आणि त्यांतले तीन क्वार्टरबॅकनेच डोक्यावरून भिरकावले, तर बिचाऱ्याचा आकडा सत्तरच्या वर जाणार कसा?

आता ३ फेब्रुवारी २००८. सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना. समोर सलग १८ सामने जिंकलेले पेट्रियट्स. आदल्या शुक्रवारच्या सरावात टायरीच्या हातून चेंडूमागून चेंडू निसटले होते. सामन्यात मात्र शेवटच्या सत्रात त्याने टचडाउन केलं, आणि सव्वा मिनिट उरलं असताना पुढे गाजलेला झेल घेतला. जायंट्सचा क्वार्टरबॅक एली मॅनिंग, त्याची जर्सी पेट्रियट्सच्या दोघांच्या मुठीत. तो कसाबसा सुटला आणि चेंडू उंच फेकला. टायरीने उडी मारून तो पकडला, पेट्रियट्सचा बचावपटू रॉडनी हॅरिसन हाताला झोंबत असताना आपल्याच हेल्मेटवर दाबून धरला, आणि पाठीवर आपटला तरी जमिनीला टेकू दिला नाही. ३२ यार्ड मिळाले. थोड्याच वेळात जायंट्सच्याच प्लॅक्सिको बरेसने टचडाउन केलं आणि जायंट्स १७–१४ असे जिंकले.

टायरीचा हा अधिकृत सामन्यांतला शेवटचा झेल. २००८चा हंगाम दुखापतीत गेला. २००९मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सकडून तो उतरला, पण झेल एकही नाही.

मग तो थोर रिसीव्हर होता का? मला नाही वाटत. आदल्या दिवशी तो जेवढा होता, तेवढाच दुसऱ्या दिवशीही होता: चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा रिसीव्हर आणि पंटमागे धावणारा अव्वल गडी. जायंट्सनी त्याची हीच किंमत केली होती, आणि ती बरोबर होती. त्या सामन्याचं चित्रण कधी पाहिलंत, तर झेल तुम्हाला दाखवतीलच, तोही दहा वेळा. जायंट्सचा पंट असेल तेव्हा मात्र चेंडू सोडा आणि ८५ क्रमांकाची जर्सी शोधा.